एका ठोशाला एक नाणं

खूप दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्यंतरी दोघीतिघींनी विचारलं, "काय हो बाई, लिहिणं सोडलंत की काय?" सोडलं नाही हो. मे महिन्यात नातू आला होता आणि आमच्या घराचा कारखाना झाला होता. जेवणाच्या टेबलावर वायरी, देवघराच्या फळीवर स्क्रू, आणि एकदा तर चष्म्याचं घर उघडलं तर आत चष्म्याऐवजी बझर!

तर आज त्या कारखान्याची गोष्ट. थोडक्यात सांगायचं तर आम्ही दोघांनी मिळून एक पेटी बनवली. तिला खालून ठोसा मारला की 'टिडिंग' असा आवाज होतो आणि एक नाणं बाहेर पडतं. एवढंच. पण त्या एवढ्याशा पेटीने मला माझाच एक जुना हिशेब पुन्हा काढायला लावला. तीस वर्षं तो मी कुणालाही दाखवला नव्हता. आज इथे लिहिते आहे. नातेवाईक मंडळीही वाचतात हे ठाऊक असून लिहिते आहे.

नातोबा सातवी पास होऊन आठवीत गेलाय. पुण्याला असतो. आला त्याच रात्री म्हणाला, "आजी, ह्या सुट्टीत मला क्वेश्चन ब्लॉक करायचाय."

मला वाटलं प्रश्नपत्रिका काढायची आहे! आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? मग त्याने मोबाइलवर चित्र दाखवलं. पिवळा चौकोनी ठोकळा, त्याच्यावर भलंमोठं प्रश्नचिन्ह. खाली लाल टोपीवाला, मिशीवाला, बुटका माणूस. तो उडी मारून ठोकळ्याला खालून धडक देतो आणि वर सोन्याचं नाणं उडतं. हा मारिओ. धंद्याने नळकाम करणारा. आमच्या गल्लीत नळ दुरुस्त करायला येतो त्यालाही साधारण अशाच मिशा आहेत, पण धडकेसरशी नाणं मात्र आमच्या हातून जातं.

सवयीप्रमाणे मी साल विचारलं. हा खेळ १९८५ साली जपानमध्ये निघाला. निंतेंडो कंपनीच्या शिगेरू मियामोतो ह्यांनी तो रचला. हाच मिशीवाला त्याआधी १९८१ च्या 'डाँकी काँग' नावाच्या खेळात आला होता, तेव्हा त्याला नुसतं 'जंपमॅन' म्हणत. आणि ही कंपनी मूळची १८८९ ची, क्योतो शहरातली, पत्ते बनवणारी! हे ऐकून मला जरा बरं वाटलं. म्हणजे आमच्या गंजिफांच्याच जातकुळीतली मंडळी.

"आणि आजी, शंभर नाणी जमली ना, की एक लाइफ जास्त मिळते."

"आमच्याकडे शंभर नाणी जमली की पोस्टात नेऊन भरायची असतात," मी म्हटलं. त्याने माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघितलं.

असो. सामान त्याने पुण्याहूनच आणलं होतं. एक आर्डुइनो उनो नावाचं हिरवट-निळं कार्ड, एक छोटी निळी सर्व्हो मोटर, एक बझर, एक दाबायचं बटण आणि रंगीबेरंगी वायरींचा जुडगा. आर्डुइनो म्हणजे काय हे त्याने समजावलं: हातावर मावेल एवढा हुकमाचा ताबेदार. संगणकावर आज्ञा लिहून द्यायच्या, वायरीने त्याच्यात भरायच्या, मग तो त्या जन्मभर पाळतो. नाव विचित्र वाटलं म्हणून शोधायला लावलं. इटलीत इव्रेआ नावाचं गाव आहे. तिथल्या एका शिक्षणसंस्थेत २००५ साली हे कार्ड तयार झालं, तेही इंजिनियर नसलेल्या विद्यार्थ्यांना वापरता यावं म्हणून. गावात एक बार होता, त्याचं नाव ह्याला दिलं, आणि बारचं नाव होतं तिथल्या एका जुन्या राजावरून. अर्दुइन हा १००२ साली इटलीचा राजा झाला. घ्या! एक हजार वर्षांपूर्वीचा राजा आमच्या जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी.

इंजिनियर नसलेल्यांसाठी म्हटल्यावर मला धीर आला. मराठी माध्यमातली बी. ए. मी. वीज म्हणजे मीटर आणि बिल एवढीच ओळख.

पेटी करायची होती पुठ्ठ्याची. मिक्सरचं खोकं माळ्यावर होतं. शाळेत तीस-बत्तीस वर्षं तक्ते केलेत, त्यामुळे पुठ्ठा कापणं आणि चिकटवणं हा माझा प्रांत. मैद्याची खळ केली, पिवळा कागद लावला, प्रश्नचिन्ह पांढऱ्या कागदाचं. त्याच्या टिंबासाठी बांगडी ठेवून गोल काढला. खालची बाजू मात्र एका कडेनेच चिकटवली, दाराच्या बिजागरीसारखी. ठोसा बसला की ती वर उचलायची आणि आतलं बटण दाबलं जायचं. मधे भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा घातला, म्हणजे ती परत खाली येते. सगळी पेटी झोपाळ्याच्या रिकाम्या कडीला टांगायची.

आता मुख्य प्रश्न, एका वेळी एकच नाणं कसं पाडायचं?

युक्ती साधी आहे. नाण्यांची चळत एका उभ्या नळीत ठेवायची. नळीखाली एक सरकती पट्टी, तिला नाण्याएवढं गोल भोक. नळीतलं सगळ्यात खालचं नाणं त्या भोकात बसतं. मोटरने पट्टी ओढली की नाणं पट्टीबरोबर पुढे जातं आणि पुढच्या खिडकीतून घसरगुंडीवर पडतं. तोवर वरची चळत पट्टीच्या सपाट भागावर टेकून राहते. पट्टी परत आली की पुढचं नाणं भोकात उतरतं. बस्स. मात्र पट्टीची जाडी नाण्याच्या जाडीइतकीच हवी. पट्टी जाड झाली तर दुसऱ्या नाण्याची कड भोकात अडकते आणि सगळं बसतं अडून. पट्टी पातळ झाली तर नाणंच वर डोकं काढतं आणि नळीच्या काठाला अडखळतं.

नळीसाठी ड्रॉइंगचा कागद नाण्यांच्या चळतीभोवतीच गुंडाळून चिकटवला. पण नाणी कुठली? मी पर्स उलटी केली. इथे एक गंमत कळली. २०११ सालापासून आलेलं दोन रुपयांचं नाणं २५ मिलिमीटरचं आणि पाचाचं २३ चं. २०१९ च्या मालिकेत नेमकं उलट, दोनाचं २३ आणि पाचाचं २५! रुपयाही २२ चा २० झाला. दुकानदार चष्मा वर करून नाणं का निरखतात ते तेव्हा कळलं. आमच्या नळीला हा गोंधळ चालणार नव्हता. एकाच जातीची भरपूर नाणी हवी होती.

तेव्हा मला माळ्यावरचा डालड्याचा डबा आठवला. मेणवलीचं भाड्याचं घर सोडून आम्ही वाईत स्वतःच्या घरात आलो तेव्हाच तो आला असणार. मी समजत होते की तो ह्यांचा. ह्यांना काहीबाही साठवायची सवय होती. उघडला तर आत नुसते चाराणे. गेंड्याचं चित्र असलेले, स्टीलचे. मोजले, ८७ भरले. म्हणजे एकवीस रुपये पंचाहत्तर पैसे. आता त्यांची किंमत शून्य, कारण चाराणे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. पण सगळी एका मापाची, १९ मिलिमीटरची. आम्हाला आणखी काय हवं?

नातवाला म्हटलं, थांब, आधी ह्या खजिन्याचा काळ ठरवू. उत्खननात नाण्यांचा साठा सापडला की इतिहासकार सगळ्यात नवं नाणं शोधतात. साठा त्या सालाच्या आधी पुरलेला असूच शकत नाही. आम्ही चटईवर बसून एकेक नाणं भिंगाखाली बघितलं. १९८८, १९९०, १९९१... सगळ्यात नवं निघालं १९९४ चं. त्याच्यानंतरचं एकही नाही.

"म्हणजे १९९४ ला कुणीतरी साठवायचं थांबवलं," नातोबा म्हणाला.

"शाब्बास," मी म्हटलं. आणि पुढे मला काही सुचलं नाही. खरं सांगते, तेव्हा खरंच काही सुचलं नाही.

मग आमची तीन भांडणं झाली. तिन्ही मशीनशी.

पहिलं पट्टीशी. दहा चाराण्यांची चळत फूटपट्टीने मोजली, तेरा-चौदा मिलिमीटर आली. म्हणजे एक नाणं सव्वा आणि दीड मिलिमीटरच्या मधे कुठेतरी. एवढ्या मापाचा पुठ्ठा बाजारात कुठला मिळणार? शेवटी लग्नपत्रिका कामाला आल्या. एकावर एक चिकटवत गेलो, एक थर वाढव, एक सोल, असं करत माप जमलं. कुणाकुणाच्या पत्रिका लागल्या ते सांगत नाही, तुमच्यापैकी दोघांच्या आहेत! मोटरचा हात आखूड पडत होता, त्याला आइस्क्रीमची काडी बांधली. तेव्हा पट्टी पुरेशी सरकायला लागली.

दुसरं विजेशी. मोटर फिरायला लागली की कार्ड मधेच बेशुद्ध पडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. पट्टी जराशी अडली की मोटर एकदम जास्त वीज ओढते, आणि कार्डाच्या वाट्याची कमी पडते. घरात एकाने गीझर लावला की दुसरीकडे दिवा मंद होतो, तसंच. उपाय म्हणजे मोटरची चूल वेगळी मांडायची. तिला चार पेन्सिल सेल स्वतंत्र दिले, कार्डाला मोबाइलचा चार्जर. तर मोटर अंगात आल्यासारखी नुसती थरथरायला लागली! दीड दिवस गेला. मग नातवाच्या लक्षात आलं, दोन्हीकडची ऋण टोकं एकमेकांना जोडायची राहिली होती. चुली वेगळ्या झाल्या तरी दोघांनी शून्य एकच मानायला हवं, नाहीतर एकाचा निरोप दुसऱ्याला कळतच नाही. एक वायर जोडली आणि मोटर शहाण्यासारखी चालायला लागली. ही गोष्ट मला फार आवडली. घरोघरी लागू आहे.

मधे एक सुखाचा दिवस गेला तो आवाजाचा. खेळातलं संगीत कोजी कोंडो ह्यांचं. नाण्याचा तो 'टिडिंग' म्हणजे दोनच सूर, पहिला साधारण ९८८ हर्ट्झचा, अगदी निसटता, आणि दुसरा १३१९ चा, जरा लांबवलेला. नातवाने आकडे लिहिले आणि बझर बोलला. मला तो आवाज कुठेतरी ओळखीचा वाटला. ह्यांची पेटी काढली. ह्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, भाता जरा सुस्कारे टाकतो. पांढरी सात दाबली, मग वरची पांढरी तीन. जपानी सूर आमच्या पेटीपेक्षा फार वरचा, पण नातं तेच. सा आणि मध्यम! नातोबा दिवसभर सा-म, सा-म करत हिंडत होता.

आता तिसरं भांडण. इथून पुढचं लिहायला मी चार दिवस टाळाटाळ केली.

पेटी टांगली. नियम ठरवला, रोज दहा ठोसे, दहा नाणी. वीस नाण्यांना एक आइस्क्रीम. चाराणे बिनकिमतीचे असले तरी आइस्क्रीम खरं होतं! सुरुवातीला एक अडचण होती. मोटर फिरत असताना दुसरा ठोसा मारला तर तो वाया जायचा. म्हणून नातवाने आज्ञा बदलल्या. बटणाची वायर दोन नंबरच्या पिनला होतीच, आता कार्डाने हातातलं काम सोडून प्रत्येक ठोसा आधी मोजून ठेवायचा आणि मग मोजल्याइतकी नाणी सवडीने पाडायची, अशी व्यवस्था केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पडले होते. उठून बघते तर ताटलीत सोळा नाणी.

"दहाच ठोसे ना रे?"

"हो आजी, दहाच."

"मग सोळा कशी?"

"माहीत नाही. कधीकधी एका ठोशाला दोन पडतात."

"खोटं बोलू नकोस. एकदा मारल्यावर दोन कशी पडतील? यंत्र आहे ते. सांगितल्याशिवाय पाडतंय होय?"

हे मी माझ्या वर्गातल्या आवाजात म्हटलं. तो आवाज अजून आहे माझ्याकडे, ठेवणीतल्या शालूसारखा. पोराचा चेहरा एकदम लाल झाला. ओठ मिटले. म्हणाला, "मी एकदाच मारला." आणि गप्प झाला. पुढे एक शब्द नाही.

तो चेहरा मी आधी पाहिलेला होता. अगदी तोच. ओठ तसेच मिटलेले. साल १९९४.

तेव्हा आम्ही मेणवलीत राहत होतो. मी वाईला शाळेत यायची, चिरंजीव आठवीत होता, गणिताच्या शिकवणीला तोही वाईला यायचा. जायला यायला एस.टी. त्याकाळी एस.टी. स्टँडजवळ एका सायकलच्या दुकानामागे व्हिडिओ गेमची खोली निघाली होती. रुपया दिला की ठरावीक वेळ टीव्हीसमोर बसायचं. आम्हा शिक्षकांच्या लेखी ती खोली म्हणजे गुत्ताच. एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी पर्स बघितली तर पाच रुपये कमी. स्टँडकडे निघाले, आणि त्या खोलीच्या दारात चिरंजीवांच्या चपला दिसल्या.

मी आत गेले. तिथे माझ्या वर्गातली चार-पाच मुलं होती. त्यांच्यासमोर मी त्याला कानाला धरून उठवलं. "पर्समधले पैसे चोरून हे धंदे करतोस?" असं म्हटलं. तो म्हणाला, "मी नाही घेतले." मी म्हटलं, "मग आले कुठून?" त्यावर तो काही बोलला नाही. ओठ मिटले. माझ्या दृष्टीने तो गुन्ह्याचा कबुलीजबाब होता. तिथेच एक थोबाडीत दिली आणि स्टँडपर्यंत तशीच कानाला धरून नेली.

आठ-दहा दिवसांनी जमाखर्चाची वही पुरी करायला बसले. शुक्रवारच्या पानावर माझ्याच अक्षरात होतं, 'निरोप समारंभ वर्गणी, ५ रु.' आमच्या शिपाईमामांच्या निवृत्तीची वर्गणी. मीच दिलेली. घाईत पर्समधून काढून दिली आणि विसरले.

वही मिटली. त्याला काही सांगितलं नाही. आई आणि त्यातून शिक्षिका, मुलाची माफी कशी मागणार? चोरी नसेल केली, पण गेमला तर गेला होता ना, मग मार बरोबरच होता, अशी मी माझी समजूत घातली. चांगली घट्ट घातली. तीस वर्षं टिकली.

आणि आता त्याचा मुलगा माझ्यासमोर तसाच उभा होता.

मी खाली बसले. म्हटलं, "बरं, चल. आपण तपासू."

त्याने एक छोटी आज्ञावली लिहिली. बटण दाबलं की संगणकाच्या पडद्यावर आकडा दिसेल, बाकी काही नाही. "आता तू दाब आजी." मी एकदा दाबलं. स्वतःच्या बोटाने, एकदा. पडद्यावर आकडा आला ३. पुन्हा एकदा दाबलं. ४. पुन्हा. ६.

मग त्याने शोधून काढलं आणि मला समजावलं. बटणाच्या आत धातूच्या दोन पट्ट्या असतात. दाबल्यावर त्या एकमेकींना चिकटतात असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात त्या टेकतात, उडतात, पुन्हा टेकतात, जमिनीवर पडलेल्या चेंडूसारख्या. हे सगळं हजाराव्या हिश्शांच्या काही सेकंदांत संपतं, आपल्याला कळतही नाही. पण ह्या कार्डाचं घड्याळ सेकंदाला एक कोटी साठ लाख ठोके टाकतं. त्याला प्रत्येक टेकणं वेगळं दिसतं आणि ते प्रत्येक टेकणं एक ठोसा म्हणून मोजतं. ह्याला इंग्रजीत बाउन्स म्हणतात. उपाय अगदी साधा, एकदा ठोसा मोजला की पुढचे पन्नास मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग, काहीही आलं तरी मोजायचं नाही. जरा थांबायचं.

ठोसा एकच होता. चूक मोजणाऱ्याची होती.

मी नातवाला म्हटलं, "माझं चुकलं. तू खरं बोलत होतास." तो म्हणाला, "इट्स ओके आजी," आणि लगेच आज्ञा दुरुस्त करायला लागला. इतकं सोपं असतं ते. मला रात्री झोप लागली नाही.

शनिवारी चिरंजीव आणि सूनबाई त्याला न्यायला आले. चिरंजीव आता चव्वेचाळीस वर्षांचे आहेत, विम्याच्या कचेरीत आहेत, केस पांढरे व्हायला लागलेत. नातवाने बापाचा हात धरून पेटीखाली उभं केलं. "बाबा, मारा!" त्याने ठोसा मारला. टिडिंग! चाराणा घसरगुंडीवरून ताटलीत पडला. तो हसला. पुन्हा मारला. मग ताटलीतलं नाणं उचललं आणि हसू थांबलं.

"आई, हे कुठे मिळाले?"

"माळ्यावर. डालड्याच्या डब्यात. ह्यांचे असतील."

"बाबांचे नाहीत. माझे आहेत. एस.टी.चे."

शिकवणी सुटल्यावर तो मेणवलीपर्यंत तीन-चार किलोमीटर चालत यायचा. हाफ तिकिटाचे वाचायचे ते चाराणे करून डब्यात टाकायचा. चार साठले की एखाद्या शनिवारी रुपयाचा खेळ. बाकीचे साठवायचे, स्वतःचा गेम घ्यायला. चालत येतो हे सांगितलं असतं तर मी रागावले असते, म्हणून त्या दिवशी पैसे कुठून आले ते सांगितलं नाही. त्यानंतर खेळ संपला, आणि तो एस.टी.ने यायला लागला. डबा तसाच राहिला. १९९४.

सूनबाई नातवाला घेऊन आत गेली. समजूतदार आहे. मी म्हटलं, "ते पाच रुपये मीच दिले होते रे. शिपाईमामांच्या वर्गणीला. मागाहून वहीत सापडलं. मी तुला सांगायला हवं होतं. माझं चुकलं."

तो नाणं बोटांत फिरवत राहिला. मग म्हणाला, "मला माहीत होतं आई. मी तेव्हाच वही बघितली होती."

मला काही बोलता येईना.

"वाटलं, तू सांगशील. दहावीपर्यंत वाट बघितली. मग सोडून दिलं."

बस्स, एवढंच बोलला. रागाने नाही, अगदी साध्या आवाजात, हवापाण्याबद्दल बोलावं तसा. मग म्हणाला, "चहा टाकतेस का?" मी चहा टाकला. आलं किसताना डोळ्यांना धार लागली होती, ती कांद्याने लागली असंही म्हणायची सोय नव्हती.

चहा पिताना तो एकदम म्हणाला, "आणि त्या दिवशी मी आठव्या जगात पोचलो होतो, माहितीये? शेवटची लाइफ होती. तू कान धरलास आणि मेलो." आणि मग आम्ही दोघंही हसलो, पण पुरतं हसू आलं असं नाही म्हणणार. तीस वर्षांचं देणं एका चहात फिटत नाही.

रविवारी ते गेले. पेटी नेणार होते, पण चिरंजीव म्हणाला, "राहू दे इथेच, आईला करमेल." जाताना त्याने डब्यातला एक चाराणा खिशात घातला. कशाला, ते मी विचारलं नाही.

आता डब्यात ८६ आहेत. दूध घालायला येणाऱ्याचा मुलगा रोज सकाळी येऊन एक ठोसा मारतो, नाणं उचलतो, मला परत देतो. मी ते पुन्हा नळीत टाकते. एका ठोशाला एकच पडतं, मी मोजते.

वाचणाऱ्यांना उपदेश करायचा नाही असं ठरवून बसले होते, पण सवय जात नाही. तुमच्या एखाद्या जुन्या वहीत कुणाचे पाच रुपये निघत असतील तर सांगून टाका. समोरच्याने वही आधीच बघितलेली असू शकते.

असो. पुढच्या वेळी काहीतरी हलकंफुलकं लिहीन.